‘सज्ञान संमती’ की ‘समजून दिलेली संमती’? दूरवैद्यकातले शब्द

शमी :
परदेशातल्या रुग्णांना व्हिडिओवरून सल्ला देण्यासाठी मराठी संमतिपत्राचा मसुदा चालू आहे. ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’ला ‘सज्ञान संमती’ चालेल का? आणि टेलिमेडिसिनला दूरवैद्यक म्हणावं की दूरसल्ला?

आघाडा :
‘सज्ञान’ अजिबात नको. कायद्याच्या मराठीत सज्ञान म्हणजे वयाची १८ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती. रुग्णाला वाटेल, वयात आलोय एवढं पुरे. ‘समजून दिलेली संमती’ लिहा. लांब आहे खरा, पण आजीलाही कळेल असा शब्द आहे. त्याखाली काय समजावलं तेही यावं : हात लावून तपासणी होणार नाही, म्हणून काय निसटू शकतं, संभाषणाचं चित्रण ठेवणार का, नोंदी कुणाच्या ताब्यात राहणार.

दुसरा घोळ ‘इम्प्लाइड कन्सेंट’ला ‘गृहीत संमती’ म्हणण्याचा. भारताच्या २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णाने स्वतःहून संपर्क साधला तर त्याची संमती त्या कृतीतच धरली आहे. ही ‘गर्भित संमती’. ‘गृहीत’ म्हटलं की डॉक्टरने परस्पर धरून चालल्यासारखं होतं. डॉक्टर, आरोग्यसेवक किंवा घरचं माणूस संपर्क साधत असेल तर मात्र स्पष्ट संमती घेऊन तिची नोंद ठेवावी लागते.

दवणा :
दूरवैद्यक हे शाखेचं नाव, दूरसल्ला ही त्यातली एक कृती. पण ‘सल्ला’ म्हटल्याने जबाबदारी हलकी होत नाही. औषध लिहिलं की तो उपचारच. रत्नागिरीच्या एका प्रकरणात २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा फोनवरून औषधं सांगणं हा एक कळीचा मुद्दा होता.

शमी :
मग २०२० च्या तत्त्वांवर परदेशातला रुग्ण घेता येईल?

दवणा :
त्या आधारावर नाही. भारताच्या अधिकारक्षेत्राबाहेरचा सल्ला त्यांतून स्पष्टपणे वगळला आहे. (इथे ‘कार्यक्षेत्र’ लिहू नका, ते कामाचं असतं, कायदा कुठवर चालतो ते अधिकारक्षेत्र.) अमेरिकेत साधारणपणे रुग्ण ज्या राज्यात बसलाय तिथे वैद्यकी झाली असं मानतात, म्हणून परवाना त्या राज्याचा लागतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात याच्या उलट आहे : डॉक्टर ज्या सदस्य देशात व्यवसाय करतो, तिथे सेवा दिली गेली असं धरतात.

त्यामुळे अर्जातला ‘पत्ता’ हा रकाना घात करतो. न्यू जर्सीत मुलाकडे गेलेले काका सवयीने कोथरूडचाच पत्ता लिहितात. रकान्याचं नाव ‘आत्ता कुठे आहात? देश, राज्य, शहर’ असं ठेवा आणि प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला पुन्हा विचारा. छातीत कळ आली तर रुग्णवाहिका कोथरूडला पाठवून काय उपयोग?

आघाडा :
तिथल्या डॉक्टरने विचारलं आणि इथल्याने त्यालाच उत्तर दिलं, तर त्याला ‘तज्ज्ञमत’ म्हणावं. उपचाराचा निर्णय तिथल्याकडे राहतो. अमेरिकेच्या पुष्कळ राज्यांत अशा मताला सवलत आहे, अटी राज्यागणिक वेगळ्या. थेट रुग्णाला दिलेल्या औषधाच्या चिठ्ठीवर ‘तज्ज्ञमत’ छापलं म्हणून ती सवलत मिळत नाही. व्यवसाय-दायित्व विम्यातलं ‘भौगोलिक मर्यादा’ हे कलमही आधी वाचा. त्यात फक्त भारत असेल तर परदेशातल्या दाव्याचा खर्च डॉक्टरच्याच खिशातून जाईल.