रूपांतर, उतरवणं की बेतणं?

विचारणा :
आर्केडमधले (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरचे) जुने खेळ घरच्या कन्सोलवर, म्हणजे खेळांसाठीच्या घरगुती यंत्रांवर, कसे आले यावर लेख लिहितोय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलोय. 'आर्केड कन्व्हर्जन'ला काय म्हणायचं? 'रूपांतर' लिहिलं की नाटक आठवतं, 'पोर्ट' लिहिलं की बंदर. दुसरं, टेट्रिस, सोकोबान, डॉ. मारिओ या सगळ्यांना सरसकट 'कोड्यांचे खेळ' म्हणावं का? कानाला खटकतंय, पण का ते सांगता येत नाही.

उत्तर :
'पोर्ट करणं' बोलण्यात रुळलंय, पण त्याला 'नंबर पोर्ट केला'चा वास आहे. नंबर तोच, कंपनी तेवढी दुसरी. जुन्या कन्सोलवर असं क्वचितच घडायचं. पॅक-मॅन घ्या, भुतांना चुकवत ठिपके खायचा खेळ. आर्केडमध्ये १९८० साली आला, अटारी २६०० या कन्सोलवर १९८२ साली. त्या अटारीची मेमरी १२८ बाइट (किलोबाइट नव्हे, बाइट), कार्ट्रिज (खेळ भरलेली डबी) ४ किलोबाइटचं, आणि पात्रांसाठी हार्डवेअरमध्ये सोय दोनच आकृत्यांची. एक पॅक-मॅननं घेतली. उरलेल्या एकीत चार भुतं कशी बसवायची? टॉड फ्राय या प्रोग्रॅमरनं त्यांना पाळ्या लावल्या : एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, एकच भूत काढायचं. म्हणून ती सारखी लुकलुकतात. भुतंच ती, लुकलुकली तर बिघडलं कुठं, असं मला वाटतं, पण खेळणाऱ्यांना ते रुचलं नाही.

शब्दांची गंमत पुढेच आहे. ठिपक्यांच्या जागी आडवे तुकडे आले, तर पुस्तिकेत त्यांचं बारसं 'वेफर' असं झालं. फळांच्या जागी चौकोन आला, तो 'व्हिटॅमिन'. चित्र बदललं तसा शब्दही बदलून घेतला!

याला मी 'बेतणं' म्हणेन. कापड कमी पडलं की शिंपी बाह्या आखूड करतो, तसं. 'कादंबरीवर बेतलेला' आपण म्हणतोच. इथे 'वर' काढून 'मापानं' घालायचं. 'अटारीच्या मापानं बेतलेला पॅक-मॅन.'

आणखी एक :
बेतणं झकास, पण सगळीकडे नको. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलवरचा १९८३चा डाँकी काँग पाहा. आर्केडमधल्या चार टप्प्यांपैकी तीनच आले. सरकत्या पट्ट्यांवरून सिमेंटची घमेली जातात तो टप्पा गाळला. बाकीचा खेळ बराचसा तोच. इथे साधं 'उतरवणं' चालेल. वहीत उतरवून घेताना एखादी ओळ सुटते, मजकूर मात्र मूळचाच असतो. १९९०चा घरगुती निओ जिओ हा कन्सोल तर आतून आर्केडच होता, तिथे कुठलंच क्रियापद लागत नाही.

'रूपांतर' हा शब्द गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलवरच्या १९९४च्या डाँकी काँगसाठी राखून ठेवा. सुरुवातीला आर्केडचे चारही टप्पे येतात (घमेल्यांवाला धरून), आणि खेळ संपला म्हणावं तोच नव्वदहून जास्त नवे टप्पे पुढे उभे. किल्ली शोधा, उचला, दारापर्यंत न्या. उड्या मारायच्या खेळाचा डोकं चालवायचा खेळ झाला. कात टाकून नवा जन्म घेतला, त्याला रूपांतर नाही म्हणायचं तर कशाला?

उत्तर :
कोड्याबद्दल. तुमच्या कानाला खटकतंय ते बरोबर आहे. कोड्याला उत्तर असतं. 'सोकोबान' म्हणजे जपानीत गोदामाचा राखणदार. खेळ १९८२चा, गेम बॉयवर 'बॉक्सल' नावानंही आला. पेट्या ढकलता येतात, ओढता येत नाहीत. एक पेटी चुकून कोपऱ्यात गेली की ती तिथेच अडकली, पुन्हा पहिल्यापासून. पण सगळं सुरुवातीपासून डोळ्यांसमोर असतं आणि ते सुटतं. टेट्रिसमध्ये वरून पडणारे तुकडे रचायचे, आणि पुढचा तुकडा यंत्र देणार. तिथे सुटत काही नाही, आपण फक्त पसारा आवरत राहतो. मी त्याला 'रचखेळ' म्हणतो. शब्द घडवलेला आहे, पण बोलायला जड नाही. डॉ. मारिओ मधेच लोंबकळतो : मारायचे विषाणू आधीच समोर असतात, पण पुढची गोळी यंत्र देणार.

आणखी एक :
गेम बॉयच्या टेट्रिसमध्ये 'बी' प्रकार आहे. २५ ओळी पुऱ्या केल्या की झालं. मग?

उत्तर :
मग 'जिंकलो' म्हणतो ना आपण? 'सुटलं' म्हणतो का?

आणखी एक :
असला कीस काढणं रिकामपणाचं वाटत असेल, तर कन्सोलवरच्या हक्कांवरून निन्टेन्डो आणि टेंगेन या कंपन्यांमध्ये झालेला टेट्रिसचा खटला आठवा. रशियन बाजूनं रॉबर्ट स्टाइन या हक्कांच्या दलालाबरोबरच्या करारात 'कॉम्प्युटर'ची व्याख्या घालून घेतली : प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं यंत्र. कीबोर्ड नाही, डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणजे कन्सोल त्यातून बाहेर. टेंगेनला हक्क मिळाले होते ते याच साखळीतून. आता फॅमिकॉम हे नावच मुळी 'फॅमिली कॉम्प्युटर'चं लघुरूप, तेव्हा तोही कॉम्प्युटरच, असा त्यांचा दावा. कोर्टाला तो पटला नाही. १९८९च्या जूनमध्ये मनाईहुकूम निघाला आणि टेंगेनची कार्ट्रिजं दुकानांतून परत गेली. एका व्याख्येनं अख्खा माल परत नेला.

विचारणारा :
आभार. 'बेतलेला' आणि 'उतरवलेला' दोन्ही घेतोय, 'रचखेळ' संपादकांच्या गळी उतरला तर तोही. पण नवी पंचाईत झालीय. टेट्रिसचा जन्म १९८४चा, मॉस्कोतल्या इलेक्ट्रॉनिका ६० या कॉम्प्युटरवर. त्यावर चित्रं काढायची सोय नव्हती, म्हणून टेट्रिसचा कर्ता पाजित्नोव्ह यानं तुकडे कंसांच्या चिन्हांनी रचले. आर्केडमध्ये तो गेला १९८८ साली, म्हणजे गंगा उलटी वाहिली. मग टेट्रिस आर्केडवर 'उतरवला' म्हणायचं की 'चढवला'?