पुण्यात हंपी जिंकली, मग ग्रां. प्रि.मधून कँडिडेट्सला झू जिनेर कशी?

हडपसरची आई | २ ऑगस्ट २०२५

बुद्धिबळातलं कळणाऱ्या मंडळींना एक प्रश्न. मला स्वतःला घोडा अडीच घरं चालतो इतपतच येतं. बाकीचं अकरा वर्षांच्या लेकीकडून शिकणं चालू आहे, आणि ती काही फार सोशिक शिक्षिका नाही.

एप्रिलमध्ये अमनोराच्या हॉटेलात महिला ग्रां. प्रि.चा, म्हणजे ग्रां प्री या स्पर्धामालिकेचा, पुण्याचा टप्पा झाला. घरापासून जवळ, त्यात परीक्षा संपलेली, म्हणून लेकीला घेऊन गेले होते. कोनेरू हंपी, हरिका, वैशाली, दिव्या देशमुख अशा आपल्या चौघी एकाच हॉलमध्ये. लेकीने फ्रिजवर तक्ता लावला होता आणि रोज रात्री त्यात गुण भरायची. शेवटी हंपी आणि चीनची झू जिनेर दोघींचे ९ पैकी ७ गुण झाले, टायब्रेकवर (बरोबरी सोडवायच्या नियमावर) हंपी पहिली आली, ट्रॉफी तिला मिळाली. लेकीने तक्त्यात हंपीपुढे मालिकेचे १३० आणि झूपुढे १०५ लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोघींना ११७.५! लेक माझ्यावरच चिडली, जणू फिडेची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, अध्यक्ष मीच आहे.

पुढे मे महिन्यात मालिका संपली आणि कँडिडेट्सच्या (जगज्जेतीला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या आठ जणींच्या स्पर्धेच्या) दोन जागा मिळाल्या झू जिनेर आणि रशियाच्या गोर्याचकिनाला. आता परवा बातुमीच्या विश्वचषकात दिव्या जिंकली, हंपी दुसरी आली आणि दोघी कँडिडेट्सला गेल्या. म्हणजे हंपी जिंकली तिथून गेली नाही आणि हरली तिथून गेली. हे मी अकरा वर्षांच्या मुलीला कसं समजावू? ट्रॉफी जिला मिळाली तिला जास्त गुण का नाहीत?

---

निवृत्त पंच | २ ऑगस्ट २०२५

ताई, लेकीचा राग रास्त आहे, पण हिशेबात चूक नाही.

टायब्रेक फक्त ट्रॉफीसाठी. मालिकेचे गुण बरोबरीत आलेल्यांना सारखे वाटून देतात. पहिल्या जागेचे १३०, दुसऱ्या जागेचे १०५, मिळून २३५, निम्मे केले की ११७.५. मला हे योग्य वाटतं. नऊ डाव खेळून दोघी सारख्याच ठरल्या असतील तर टायब्रेकच्या आकडेमोडीवरून एकीला जगज्जेतेपदाच्या वाटेवर पंचवीस गुण पुढे ढकलायचं कशासाठी?

आता मालिकेची रचना सांगतो, म्हणजे पुढचं उलगडेल. २०२४-२५ च्या मालिकेत वीस खेळाडू आणि सहा टप्पे: तिबिलिसी, शिमकेंट, मोनॅको, निकोसिया, पुणे आणि ऑस्ट्रियातलं ग्रोसलोबमिंग. प्रत्येक टप्प्यात दहा जणी, प्रत्येकीचा प्रत्येकीशी एक डाव. एका खेळाडूला सहापैकी तीनच टप्पे मिळतात आणि तिन्हींची बेरीज धरतात. म्हणजे एक टप्पा जिंकूनही उरलेल्या दोन टप्प्यांत कमी पडलं की बेरीज पुरत नाही. पुणे जिंकणं म्हणजे मालिकेचा तिसरा हिस्सा जिंकणं, त्याहून जास्त नाही. आणि सगळी मालिका संपल्यावर जागा दोनच.

लेकीला एक गणित घालून बघा. शेवटच्या फेरीत हंपीसमोर बल्गेरियाची सालिमोवा होती. तो डाव बरोबरीत सुटला असता तर काय? हंपीचे साडेसहा, झूचे सात. तिसरी आलेली दिव्या साडेपाचवर, त्यामुळे हंपीची दुसरी जागा तरीही पक्कीच होती. हंपीला १०५ मिळाले असते, झूला १३०. हंपीने डाव ओढला आणि जिंकला. पटावरचा अर्धा गुण, पण त्याने हंपीला साडेबारा दिले आणि झूचे साडेबारा काढून घेतले. दोघींमधला फरक पंचवीसने बदलला. म्हणून ग्रां. प्रि.च्या शेवटच्या फेऱ्यांत, जागा पक्की असतानाही, बायका पाच-पाच तास हत्तीच्या अंत्यपर्वात बसलेल्या दिसतात. वर्तमानपत्रात मात्र तेवढंच येतं, ‘हंपी विजेती’.

---

गाडी रुळावरून | २ ऑगस्ट २०२५

मूळ प्रश्न बाजूला ठेवून विचारतो. बुद्धिबळात ताकद लागत नाही, मग बायकांसाठी वेगळी मालिका कशाला?

---

निवृत्त पंच | ३ ऑगस्ट २०२५

गाडीराव, दर बुद्धिबळाच्या धाग्यावर हा प्रश्न येतोच, यावेळी पहिल्याच दिवशी आला.

खुल्या स्पर्धा बायकांना खुल्याच असतात. ते आपोआप झालेलं नाही. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि स्त्रियांना अडवता येणार नाही असा निर्वाळा फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना द्यावा लागला. हीच रोहिणी पुढे १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली.

महिलांची मालिका कशासाठी, तर पोटापाण्यासाठी. या मालिकेत दर टप्प्याला ८०,००० युरोंची बक्षिसं होती आणि ती दहाही जणींत वाटली जातात. एखाद्या मोठ्या खुल्या स्पर्धेत पंचवीस-तिसावी आलेली ग्रँडमास्टर बाई बहुतेक वेळा विमानाचं तिकीटही स्वतःच्या खिशातून काढते. ज्यांना हा खेळ व्यवसाय म्हणून करायचा आहे त्यांनी वर्षभर काय करावं, याचं एक उत्तर ही मालिका आहे. तुम्हाला दुसरं सुचत असेल तर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

---

नागपुरी संत्रं | ३ ऑगस्ट २०२५

आमच्या दिव्याबद्दल कोणी बोलूनच नाही राहिलं बाप्पा! पुण्यात तिसरी, बातुमीत पहिली. वय एकोणीस. एकही ग्रँडमास्टर नॉर्म (किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी) नसताना विश्वचषक जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर झाली, देशातली अठ्ठ्याऐंशीवी. वाटेत कोणाला पाडलं ते बघा: हीच झू जिनेर, मग हरिका, मग टॅन झोंगयी, आणि फायनलला टायब्रेकमध्ये हंपी. पुण्यातल्या चार भारतीयांपैकी दोघी तिने बातुमीत हरवल्या. आमच्या गल्लीत त्या दिवशी ज्यांना वजीर कुठला अन् राजा कुठला ते कळत नाही तेही पेढे वाटून राहिले होते.

पंचकाका, हे सगळं ठीक आहे, पण ग्रां. प्रि. मोठी की विश्वचषक?

---

टोरांटोकर | ३ ऑगस्ट २०२५

पंचांच्या आधी मी थोडं बोलतो. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये कँडिडेट्स आमच्या गावात झाली, तेव्हा रजा टाकून दोन-तीन फेऱ्या बघितल्या. तिथे आठ जणी कुठल्या दारातून आल्या हे बघणं मजेचं होतं. लाग्नो ग्रां. प्रि.मधून, वैशाली आणि टॅन ग्रँड स्विस या आणखी एका पात्रता स्पर्धेतून, गोर्याचकिना, सालिमोवा आणि ॲना मुझीचूक विश्वचषकातून, लेई टिंगजी आदल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत हरली म्हणून, आणि हंपी रेटिंगवर. जिंकली टॅन. वैशालीने शेवटचे पाचही डाव जिंकले, पण तोवर उशीर झाला होता. एकदा आत गेल्यावर कुठल्या दारातून आलात हे कोणी विचारत नाही.

पुण्याचा टप्पा चालू होता त्याच सुमारास शांघाय आणि चोंगचिंगमध्ये टॅन ही जू वेन्जुनशी जगज्जेतेपदासाठी खेळत होती. ६.५-२.५ हरली. त्या लढतीला जाण्याची वाट या मालिकेतून सुरू होते हे पुण्याच्या हॉलमध्ये कितीजणांना माहीत होतं कोण जाणे.

---

निवृत्त पंच | ४ ऑगस्ट २०२५

संत्रं, मोठी-लहान असं नाही, जात वेगळी. विश्वचषक बाद पद्धतीचा: दोन डाव, बरोबरी झाली तर जलद डाव, हरलं की घरी. तिथे तरणं, छातीवर दडपण घेऊन जलद खेळता येणं याला मोल आहे. दिव्यात ते आहे. ग्रां. प्रि.त हरलात तरी दुसऱ्या दिवशी तीन वाजता पटावर बसायचं असतं, आणि हे तीन टप्प्यांत, तीन देशांत. खरी कसदार खेळाडू कोण हे मला विचाराल तर मी मालिकेचा तक्ता बघेन. माझं मत बरेच लोक मानत नाहीत.

हे नुसतं म्हातारपणाचं मत नव्हे, त्याला इतिहास आहे. महिलांची जगज्जेती कोण हे बरीच वर्षं चौसष्ट जणींच्या बाद स्पर्धेतून ठरत असे. २००९ मध्ये ग्रां. प्रि. सुरू झाली तेव्हा कँडिडेट्स नव्हतीच. मालिका जिंकणारी थेट जगज्जेतीला आव्हान द्यायची. पहिली मालिका चीनच्या हौ यिफानने जिंकली, पण तोवर ती स्वतःच जगज्जेती झाली होती. स्वतःशी कशी खेळणार? म्हणून दुसरी आलेली हंपी २०११ मध्ये तिरानाला आव्हानवीर म्हणून गेली. ५.५-२.५ हरली, एकही डाव जिंकता आला नाही.

पुढची गंमत बघा. २०१२ मध्ये खांटी-मान्सिस्कच्या बाद स्पर्धेत हौ यिफान दुसऱ्याच फेरीत उडाली आणि युक्रेनची उशेनिना जगज्जेती झाली. पण मालिका पुन्हा हौने जिंकली होती. २०१३ मध्ये तिने आव्हान दिलं आणि सात डावांत किताब परत घेतला. २०१५ मध्ये सोचीला ती खेळलीच नाही, मारिया मुझीचूक जिंकली, आणि मालिकेच्या जोरावर हौने २०१६ मध्ये ल्विवला जाऊन तिलाही हरवलं. एकाच बाईने दोनदा दाखवून दिलं की बाद स्पर्धा काय ठरवते आणि मालिका काय. त्या पहिल्या तिन्ही मालिकांत हौच्या मागे दुसरी कोण होती? हंपी. तुमच्या लेकीला हे जरूर सांगा, ताई. २०१९ पासून मध्ये कँडिडेट्स आली, थेट वाट बंद झाली. त्याच वर्षी बाळंतपणाची मोठी सुट्टी संपवून परतलेल्या हंपीने स्कोल्कोवोचा टप्पा जिंकला आणि त्या मालिकेतून कँडिडेट्सला पात्रही ठरली. तेव्हा मालिकेने हंपीला काही दिलं नाही असं समजू नका.

तीनच टप्पे का, असं कोणी विचारण्याआधी सांगतो. वीसही जणी सहाही टप्पे खेळल्या तर एका टप्प्याला वीस जणी, एकोणीस फेऱ्या. यजमान मिळणार नाही.

---

हडपसरची आई | ५ ऑगस्ट २०२५

काका, मनापासून आभार. पंचवीसचं गणित लेकीने माझ्यासमोर मांडून दाखवलं आणि मग सालिमोवाचा डाव पुन्हा लावून बसली. हौ यिफानचं नाव तिला माहीत होतं, उशेनिनाचं नव्हतं.

आता माझा खरा प्रश्न. तिचे सर म्हणतात मुलींच्या गटात खेळव, पदकं मिळतात. क्लासमधली एक आई म्हणते खुल्या गटातच खेळव, नाहीतर खेळ वाढत नाही. तुम्ही इतकी वर्षं स्पर्धा बघितल्यात, काय करू?

---

निवृत्त पंच | ५ ऑगस्ट २०२५

दोन्ही करा. वयोगटाची राज्य निवड मुलींच्या गटातून होते, ती सोडू नका. बाकी वर्षभर रेटिंगच्या खुल्या स्पर्धा, जिथे समोर चौदा वर्षांचा आगाऊ पोरगाही येईल आणि साठीचे निवृत्त कारकूनही. निवृत्त कारकून जास्त अवघड, ते बरोबरी देत नाहीत. मी सांगलीचा. स्वाती घाटे लहान होती तेव्हापासून आमच्या गावाने मुलींना मोठ्या माणसांसमोर बसवलं आहे. तुमच्या पुण्यातच ईशा करवडे आणि सौम्या स्वामिनाथन घडल्या. सौम्या २००९ मध्ये मुलींची कनिष्ठ जगज्जेती झाली होती.

आणि ताई, फ्रिजवर हंपीचा तक्ता आहे तसा तिच्या स्वतःच्या हरलेल्या डावांची वही असू दे. पदकांचा कप्पा नंतर करा.

---

नागपुरी संत्रं | १६ सप्टेंबर २०२५

धागा वर काढून राहिलो. समरकंदची ग्रँड स्विस वैशालीने जिंकली! सलग दुसऱ्यांदा. वैशाली आणि लाग्नो दोघींचे ८ गुण, टायब्रेकवर वैशाली पहिली. आता इथेही कोणाचे गुण निम्मे होणार का काका?

---

निवृत्त पंच | १६ सप्टेंबर २०२५

नाही रे बाबा. ग्रँड स्विस ही एकटीच स्पर्धा, अकरा फेऱ्या, मालिका नाही, म्हणून पुढे न्यायचे गुणच नाहीत. जागा दोन होत्या, वर दोघीच होत्या, दोघी गेल्या. तिसरीही आठवर आली असती तर टायब्रेकने कोणाचं तरी वर्ष वाया घालवलं असतं. दिव्या, हंपी आणि वैशाली, आठपैकी तीन आपल्या झाल्या.