आई-बाबा पोटासाठी लांब गेले, आपण मागे राहिलो: तुमचे अनुभव सांगा

धनकवडीची वैदेही:
सासूबाईंना सांभाळायला आमच्याकडे चोवीस तासांच्या मावशी आहेत, परभणीकडच्या. काल रात्री ओट्याला फोन टेकवून त्या गावाकडच्या लेकीला वेणी घालायला शिकवत होत्या. "उजवीकडची बट मधे घे. आता डावीकडची. ओढून धर गं." लेक चौथीत आहे, आजीजवळ राहते. मी पाणी न घेताच मागे फिरले.

माझी आई नर्स होती. मी पहिलीत असताना ती सौदीला गेली. बाबांची भोसरीची कंपनी बंद पडली होती आणि घराचं कर्ज होतं. फोन महाग, म्हणून ती कॅसेट भरून पाठवायची. आजी ती संध्याकाळी लावायची. "शुभंकरोति म्हणतेस ना? दूध पितेस ना?" असं विचारून आई जरा थांबायची, आमच्या उत्तरासाठी. मी त्या टेपला खरोखर उत्तरं द्यायचे.

पण ती परत आली तेव्हाचं जास्त अवघड होतं. ताप आला की मी आजीला हाक मारायचे आणि आई दारात उभी असायची. यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. आई आता सत्तरीला आली आहे. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? परत आल्यावर घडी कशी बसली?

चिंचवडकर७१:
कॅसेटवरून आठवलं, आमचे काका मस्कतहून टीडीकेच्या कोऱ्या कॅसेट आणायचे. आणि टँग! अख्ख्या वाड्याला एकेक ग्लास मिळायचा. बाकी नंतर लिहितो, चाकणची बस आली.

कोयता_आणि_पाटी:
आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात, जिल्हा बीड. मी आता मोशीत असतो. आईबाप ऊसतोडीला जायचे, दोघं मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असायची, म्हणजे जायचं की नाही हा प्रश्नच नसायचा. दसरा झाला की ट्रक भरायचा. भांडी, ज्वारीचं पीठ, शेळी आणि अंगावरचं लेकरू. शाळेत जाणारे आम्ही मागे. येणार ते गुढीपाडव्याच्या आगेमागे, ऊस किती आहे त्यावर.

लोक विचारतात दिवाळीला काय करायचास. आजी कापण्या करायची, एवढंच.

मला सांगायचंय ते माझ्या बहिणीबद्दल. मी शिकलो कारण ती मागे राहिली. आजीचे डोळे गेलेले, भाकरी थापायला कुणीतरी हवं, म्हणून सातवीनंतर तिची शाळा सुटली. मग मोठी होत चाललेली पोरगी सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धाकाने लवकर लग्न लावलं. आमच्याकडे कमी वयात लग्नं होतात त्याच्या मुळाशी हीच भीती आहे. हुंड्याएवढीच ही पण लिहा कुठेतरी. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर तिचाही कोयता झाला. आता तिची पोरं मागे राहतात.

मालवणी_मुलूख:
@कोयता, दादा वाचून गलबलून आलं. ताई आता कुठे असतात?

आमच्याकडे कोकणात अर्धा गाव मनीऑर्डरवर. वडील गिरणीत, परळला. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. 1982 च्या संपात ते घरी आले आणि राहिलेच. मी वर्गात सगळ्यांना सांगत सुटलो, माझे बाबा आता जाणार नाहीत! आई का रडते ते कळायला दहावी उजाडली. पोस्टमन आमच्या घरावरून पुढे जायला लागला तरी मला त्यात काही वाटलं नव्हतं.

कोयता_आणि_पाटी:
ताई यंदाही सांगली भागात आहे तोडीला. तिची मोठी मुलगी मात्र वसतिगृहात घातली. 2021 ला संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली, त्यात. पोरगी नववीत आहे. आईच्या पुढे गेली.

कर्वेनगरचे आजोबा:
आमचा नातू दीड वर्षाचा असताना लेक-जावयाने न्यू जर्सीहून इथे आणून ठेवला. दोघांच्या नोकऱ्या, तिथलं पाळणाघर परवडेना. मजुरांच्या कष्टांशी याची तुलना होणार नाही हे मी जाणतो. तरी लेकराच्या बाजूने पाहिलं तर फारसा फरक नाही. तो कमला नेहरू पार्कात खेळताना दुसऱ्या मुलांच्या आयांकडे बघत राहायचा. पाच वर्षांचा झाल्यावर घेऊन गेले. विमानतळावर तो हिच्या पदराला धरून होता आणि आमची लेक हात पुढे करून उभी होती. वैदेहीताई, तुमच्या आईंशी एकदा बोला. आमच्या मुलीचे डोळे मी पाहिले आहेत म्हणून सांगतो.

धनकवडीची वैदेही:
काका, हो. बोलते.

मनपा_शाळेतली_बाई:
मधल्या सुट्टीत लिहितेय. काहीजण म्हणतात, मुलांना बरोबर का नेत नाहीत? बांधकामावर चार महिने वाघोली, चार महिने रावेत, साइट संपली की पत्र्याची खोली गेली. नाव घातलं की नाव कटतं. 'डोअर स्टेप स्कूल' पुण्यात 1993 पासून अशा साइटवरच्या मुलांसाठी काम करते आहे. त्यांचे वर्ग असले तरी सगळ्या साइटना कुठे पुरणार? म्हणून आजीकडे ठेवतात. त्यात निष्काळजीपणा नाही, शाळा टिकावी म्हणूनच ठेवतात.

वर्गात अशी मुलं मला लगेच ओळखू येतात. फार शहाणी असतात. काही मागत नाहीत. त्या शहाणपणाचंच मला वाईट वाटतं.

कात्रज पोळीवाली:
मी पाच घरी पोळ्या करते मुलगा आईकडे औशाला आहे चौथीत. सगळं वाचलं. रडत होतं का म्हनून विचारू नका आमाला लई जन विचारतात. मी रोज रात्री नऊला फोन लावते तो म्हनतो झोप आलीय. माझी आई म्हनती फोनची वाट बघत बसतो आन तू लावला की बोलत नाही. असं का करत असल

मालवणी_मुलूख:
ताई, मीही तसाच करायचो. बोललो तर रडू येईल म्हणून. राग नसतो तो.

कात्रज पोळीवाली:
बरं वाटलं. जूनला त्याला इकडं आनायचं म्हनते. खोली मोठी घेतली. पन मागच्या येळी शाळेत इचारलं तर दाखला आना मंगच नाव घालू म्हनले. गावची शाळा दाखला लवकर देत नाही

मनपा_शाळेतली_बाई:
ताई, दाखल्यासाठी अडवता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, आणि गावच्या मुख्याध्यापकांनीही तो लगेच द्यायला हवा. आधार कार्ड आणि चौथीचं प्रगतिपत्रक घेऊन या. पुन्हा कुणी अडवलं तर मी बरोबर येते. मराठी माध्यम ना?

कात्रज पोळीवाली:
हो मराठीच. दुपारी दोन नंतर मोकळी असते मी. मंगळवारी येऊ का

मनपा_शाळेतली_बाई:
या. मुलाला सुट्टीत आणलंत की त्यालाही एकदा शाळा दाखवायला घेऊन या.