‘एक्स्ट्रॅक्शन’ला ‘निष्कर्षण’ म्हणावं का?

प्रश्न : टेराहर्ट्झ वर्णपटमापनावर (सेकंदाला सुमारे एक लाख कोटी कंपनं असलेल्या लहरींनी पदार्थ तपासण्यावर) लेख लिहितो आहे. मोजलेल्या स्पंदावरून (लहरींच्या क्षणिक झोतावरून) पदार्थाचा अपवर्तनांक (लहर त्यात किती मंदावते) आणि शोषण गुणांक (ती किती शोषली जाते) मिळवतात, त्याला इंग्रजीत ‘एक्स्ट्रॅक्शन’ म्हणतात. मी ‘गुणधर्मांचे निष्कर्षण’ लिहिलं, पण खटकतंय.

उत्तर : खटकणारच! शाळेच्या पुस्तकात धातुकापासून धातू मिळवणं म्हणजे निष्कर्षण. तिथं आतली वस्तू खरोखर बाहेर येते. इथं तपासायचा पदार्थ, समजा सिलिकॉनची चकती, होती तशीच राहते. एकदा चकतीशिवाय आणि एकदा चकती मध्ये ठेवून स्पंद मोजायचा, पुढचं सगळं गणित. १ मिलिमीटर जाडीच्या चकतीमुळे स्पंद ८ पिकोसेकंद (१ पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) उशिरा आला, तर अपवर्तनांक ३.४ निघतो. आपण क्षेत्रफळ काढतो, सरासरी काढतो, तसा अपवर्तनांकही काढावा. (विश्वकोशात ‘प्रणमनांक’ आहे, पण दहावीच्या पुस्तकातला ‘अपवर्तनांक’ जास्त जणांना कळेल.)

आणखी एक मत : मला ‘अनुमान’ आवडेल. धुरावरून अग्नी ओळखावा तसं परिणामावरून कारणाकडे जाणं आहे हे.

उत्तर : न्यायदर्शनात चपखल, पण आजचा वाचक ‘अनुमान’ म्हणजे अंदाज समजतो. हा अंदाज नाही. मात्र जाडी चुकीची धरली तर अपवर्तनांकही चुकतो, हे लेखात जरूर लिहा. शब्दापेक्षा ते महत्त्वाचं आहे.

प्रश्नकर्ता : लिहितो. आणि ‘फेज अनरॅपिंग’? फेजला, म्हणजे लहर आपल्या फेऱ्यात कुठवर आली आहे त्याला, ‘कला’ रूढ आहे, म्हणून ‘कला उलगडणे’ असं योजलंय.

उत्तर : ‘उलगडणे’ सुंदर आहे, पण वाचकाला नेमकं काय उलगडलं ते कळणार नाही. ८ पिकोसेकंदांचा उशीर म्हणजे १ टेराहर्ट्झला पूर्ण ८ फेरे. फूरिए रूपांतरातून (स्पंदातल्या वेगवेगळ्या कंप्रता, म्हणजे वारंवारता, सुट्या करणाऱ्या गणितातून) मिळणारा कलेचा कोन मात्र उणे १८० ते अधिक १८० अंशांतच राहतो, किती फेरे झाले ते त्यात दिसत नाही. म्हणून कमी गोंगाटाच्या कंप्रतांपासून सुरुवात करून फेरे जोडत जावे लागतात. या चकतीत एक फेरा चुकला, तर १ टेराहर्ट्झला अपवर्तनांक ०.३ ने चुकतो. मी तर ‘कलेचे फेरे जुळवणे’ म्हणेन.

प्रश्नकर्ता : घेतलं. शीर्षकही बदललं : ‘टेराहर्ट्झ मोजणीवरून अपवर्तनांक कसा काढतात’.