मॉडेल रेल्वेच्या लेआउटच्या टेबलाखाली दीड स्क्वेअर एमएमची वायर घालू की अडीचची?

मंडळी, सल्ला हवाय. एचओ स्केलचा (१:८७) लेआउट आहे, डीसीसीवर (रुळांतूनच वीज आणि डिजिटल आज्ञा) चालतो, रुळांना वीज देणारा बूस्टर ५ अँपियरचा. बूस्टरपासून शेवटचा कोपरा वायरच्या वाटेने सात मीटर पडतो.

वायरिंग करताना मी नको ते शहाणपण केलं. टेलिफोन केबलचं एक भेंडोळं पडून होतं, त्यातली अर्धा मिलिमीटर जाडीची तार सगळीकडे फिरवली. एवढ्याशा इंजिनाला करंट तो किती लागणार! आता स्टेशनातून ऐटीत निघालेली मालगाडी बोगद्यापाशी धापा टाकते.

दोन इंजिनं चालू ठेवून मीटर लावला: बूस्टरपाशी १४.२ व्होल्ट, कोपऱ्यात ११.५. (साधा मीटर डीसीसीवर अचूक नसतो, पण तुलनेपुरता चालतो.) मग हिशोब मांडला. ही तार मीटरला साधारण ०.०८५ ओहम, जाऊन-येऊन १४ मीटर म्हणजे १.२ ओहम. २ अँपियर ओढले की २.४ व्होल्ट तारेतच जिरले.

खरा घाबरलो ते यार्डात. तिथे फीडरच (मेन वायरीपासून रुळापर्यंतची छोटी तार) नाही, करंट चार-पाच जॉइनरमधून (रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) जातो. टोकाच्या रुळांवर आडवं नाणं ठेवून मुद्दाम शॉर्ट केलं. बूस्टर तत्काळ ट्रिप व्हायला हवा होता, झाला नाही. नाणं कोमट, पण जॉइनरला बोट लागलं तर चटका बसला.

माझ्या हिशोबाने ५ अँपियरला अडीच स्क्वेअर एमएममध्ये अर्धा व्होल्ट जाईल, दीडमध्ये पाऊण-एक. मग दीडची पुरेल का? अडीचची फ्रेमच्या भोकांतून वळवताना जीव जातो. आणि सिंगल कोअर की मल्टीस्ट्रँड?

प्रतिसाद

अडीचचीच घाला, मल्टीस्ट्रँड घ्या म्हणजे वळेल. दीडवरही गाड्या पळतील, पण पुढे लेआउट वाढला की टेबलाखाली उताणं पडून सगळं पुन्हा करावं लागेल.

मात्र तुमचं अर्धं दुखणं मेन वायरीत नाही. रूळ निकेल सिल्व्हरचे. नावातच काय ती चांदी, विरोध तांब्याच्या कितीतरी पट. त्यात जॉइनर सैल होतात, काळे पडतात. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर द्या, अर्धा स्क्वेअर एमएमचा, लांबी फूटभराच्या आत. सोल्डर करताना दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा, नाहीतर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. भिंतीकडच्या रुळाला लाल वायर, अलीकडच्याला काळी, हे ठरवून टाका आणि मोडू नका.

टेलिफोनची तार फेकू नका, सिग्नलच्या एलईडींना उत्तम. गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्यांच्या कॉइलवाल्या मोटरींना मात्र ती नको, त्या क्षणभर का होईना, भरपूर करंट ओढतात.

धागाकर्ता

अडीचची घातली. यार्डात सहा फीडर लावून बूस्टर सुरू केला तर नाणं ठेवायच्या आधीच ट्रिप! चौथा फीडर उलटा लागला होता, लाल-काळा नियम तिसऱ्यानंतरच विसरलो. तो बदलल्यावर नाणं टेकताक्षणी ट्रिप होतोय. कोपऱ्यात १३.९ मिळतात. बोगद्यातल्या रुळांचे फीडर राहिलेत, तिथे हात पोचत नाही. डोंगर न फोडता जमवलंय का कुणी?