लंडनच्या रस्त्यावर सुवार्ता: मूकनाट्य बसवावं की स्केचबोर्ड न्यावा?

तरुणसंघ_पुणे
सर्वांना सप्रेम सलाम. आमच्या मंडळीतले (चर्चमधले) आठ जण जुलैमध्ये दहा दिवस लंडनला जाताहेत. तिथली यजमान मंडळी दुपारी रस्त्यावर सुवार्ता सांगते, तिच्या मदतीला. सहा जणांचं इंग्रजी बरं आहे, दोघांचं नाही. मूकनाट्य जवळजवळ ठरलंय, पण काहींचा आग्रह स्केचबोर्डचा आहे, म्हणजे फलकावर लोकांसमोर चित्र-अक्षरं रंगवत सुवार्ता सांगायची. काय निवडावं? सामान, परवानग्या आणि शेवटी लोकांशी बोलायचं कसं, तेही सांगा.

कुंचला
स्केचबोर्ड. तयारी कमी, स्पीकर नको, आणि अर्धवट चित्र पुरं होताना बघायला माणूस थांबतोच.

फलक साधारण चार बाय अडीच फुटांचा, पातळ प्लायचा. तिकाटणं घडीचं हवं. त्यावर न्यूजप्रिंटचे तीन-चार कागद क्लिपांनी लावा, म्हणजे एक खेळ संपला की वरचा कागद काढला, दुसरा तयार. रंग पोस्टर कलर, दह्याइतके दाट. पातळ झाले की ओघळतात आणि अक्षरं रडल्यासारखी दिसतात. प्रत्येक रंगाला वेगळा एक इंची सपाट ब्रश. तिकाटण्याच्या मध्याला पाण्याची भरलेली बाटली लटकवा. नाहीतर वाऱ्याची एक झुळूक आली की फलक थेट प्रेक्षकांत जातो.

खरी गंमत अक्षरांत आहे. मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या फक्त उभ्या रेघा आधी रंगवायच्या. आडव्या-तिरक्या रेघा बोलता बोलता, तो मुद्दा आला की. घरी सराव करताना देवनागरीतही जमतं: ग, म, न, प सगळ्यांना तीच उभी दांडी, त्यामुळे नुसत्या दांड्यांवरून शब्द कुणालाच ओळखता येत नाही. पहिलं दीड मिनिट काही बोलू नका, नुसतं रंगवा. एकूण खेळ सात ते दहा मिनिटं.

फलकाची पाठ भिंतीला, आणि ऊन थेट त्यावर नको, ओला रंग चमकून काही दिसत नाही. तुमचीच पाच-सहा माणसं समोर तीन-चार पावलांवर उभी करा. रिकाम्या जागेपुढे कुणी थांबत नाही, पण उभ्या माणसांच्या मागे थांबतात. ती मंडळी फलकाकडे बघत राहिली पाहिजेत. मागे वळून "कुणी आलं का" पाहिलं की सोंग उघडं पडतं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाट मोकळी ठेवा, नाहीतर पहिली तक्रार दुकानदाराची येईल.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या अर्ध्या मिनिटात होतो. बोलणारा थांबला की कुणीतरी उत्साहाने ब्रश धुवायला घेतो, आणि लोक निघतात. फलकाला हात लावायचा नाही. प्रत्येकाने आपल्या शेजारी उभ्या असलेल्या एकाच माणसाकडे वळून विचारायचं, "यातलं काय पटलं, काय नाही?" एका माणसाभोवती तिघे जमले की तो पळतो.

कागदपत्रं_आधी
आधी व्हिसा. अर्जात कामाचं स्वरूप खरं लिहा. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण 30 दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, मात्र भेटीचं मुख्य कारण तेवढंच असता कामा नये. परदेशात धर्मसेवेत असलेल्या पाळकांना प्रवचन करता येतं. यजमान मंडळी नोंदणीकृत आहे का ते विचारा आणि आमंत्रणपत्र घ्या. टोपी उलटी ठेवून पैसे घेऊ नका: व्हिजिटरला ते चालत नाही, शिवाय वर्गणी गोळा करायला वेगळा परवाना लागतो.

जागा: मध्य लंडनच्या वेस्टमिन्स्टर विभागात 2021 पासून रस्त्यावरच्या कलाकारांना परवाना आणि ठरलेली ठिकाणं आहेत. नुसतं बोलणं त्यात येत नाही, संगीत आणि खेळ येतात. म्हणजे मूकनाट्याला अडचण जास्त. प्रत्येक बरोची (लंडनच्या स्थानिक प्रशासन विभागाची) नियमावली वेगळी, यजमानांकडूनच लेखी घ्या. हाइड पार्कमध्ये कुणीही उभं राहून भाषण करतो त्या स्पीकर्स कॉर्नरला ध्वनिवर्धक चालत नाही. तिथे खिल्ली उडवणारे सराईत असतात, नवख्यांना आधी तिथे नेऊ नका.

पोलीस आला तर वाद नको, ज्येष्ठाने एकट्याने बोलावं. 1999 च्या रेडमंड-बेट खटल्यात वेकफील्ड कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर प्रवचन करणाऱ्या बाईंच्या बाजूने निकाल लागला. पण तो आधार वकिलाने वापरायचा, फुटपाथवर तुम्ही नाही.

आणि नेपाळ, भारतातली धर्मांतरविरोधी कायद्याची राज्यं यांना हा नमुना लावू नका. नेपाळच्या 2017 च्या दंडसंहितेत धर्मांतर घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

पडद्यामागे
मूकनाट्याला इतकं टाकाऊ ठरवू नका. इंग्रजी न येणाऱ्या त्या दोघांना त्यातच काम मिळतं. फक्त चार मिनिटांच्या वर नको, आणि शेवटी टाळीची वाट बघू नका. टाळी वाजली की लोकांच्या लेखी खेळ संपला. शेवटच्या स्थिर मुद्रेत सगळे थांबलेले असतानाच बोलणाऱ्याने पुढे यावं.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा: पापाचं पात्र तोंडाला काळं फासून उभं करायचं नाही. आपल्याकडे नाटकात खपतं, लंडनमध्ये तो सरळ वर्णद्वेष दिसतो आणि त्यापुढे तुमचं काहीच ऐकलं जाणार नाही. नुसत्या रंगीत पानांनी सुवार्ता सांगणाऱ्या, पापाला काळं पान असलेल्या बिनशब्दांच्या पुस्तकाचंही तेच. इंग्रज प्रवचनकार स्पर्जनने 1866 मध्ये काळा, लाल, पांढरा हे तीन रंग मांडले, सोनेरी अमेरिकी सुवार्तिक मूडीने 1875 मध्ये जोडला. तिथे काळ्याच्या जागी राखाडी धूसर पान वापरा, "अंधार" म्हणा.

तरुणसंघ_पुणे
आभारी आहे. स्केचबोर्ड मुख्य धरतो. त्या दोघांसाठी खंजिरी, टाळ आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन चालेल का?

कुंचला
गर्दी जमवायला उत्तम, दोन मिनिटं पुरे. पण संगीत आलं की परवान्याचा प्रश्न आला, तो आधी सोडवा. ते दोघं नंतर समोरच्या रांगेत उभे राहतील, तेही काम मोठंच आहे. पत्रिकेवर यजमान मंडळीचा पत्ता आणि उपासनेची वेळ छापा, पुण्याचा नंबर नको. अकराव्या दिवशी तुम्ही तिथे नसणार. कुणी नाव-नंबर दिला तर कागदावरच घ्या, "हा यजमान मंडळीला देऊ का?" असं विचारून, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या हाती द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकणं तिथल्या माहिती-संरक्षण कायद्यात अडचणीचं आहे. एकट्या मुलांना पत्रिका, फुगे, चॉकलेट काही देऊ नका. आईवडील सोबत असतील तर बोलणं त्यांच्याशी.

पडद्यामागे
रिमझिमीसाठी एक संच ॲक्रिलिकचा ठेवा. पोस्टर कलर पहिल्या सरीतच वाहतो. ॲक्रिलिकचे ब्रश मात्र वापर झाल्या झाल्या पाण्यात बुडवा, वाळले की फेकायचेच.