पोस्टग्रेस डेटाबेसच्या सोर्समधून 'मेक' हे जुनं बिल्ड टूल (सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवणारं) काढायचं की नव्या 'मेसन'च्या जोडीला ठेवायचं?

निंजावाला
पोस्टग्रेसक्यूएल १६ मध्ये (२०२३) मेसन आलं. १७ मध्ये विंडोजसाठीच्या जुन्या पर्ल स्क्रिप्ट गेल्या. ऑटोकॉन्फ-मेक (आधी ऑटोकॉन्फची 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट मशीन तपासते, मग मेक कोड कंपाइल करतं) मात्र तसंच आहे. माझं मत स्पष्ट आहे, तेही काढा.

नवी सी फाइल आली की मेकफाइलच्या 'ओबीजेएस' यादीतही (काय काय कंपाइल करायचं त्याची यादी) लिहा आणि मेसनच्या यादीतही. एकीकडे राहिलं की तिथलं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं) 'अनडिफाइन्ड रेफरन्स' देऊन पडतं. त्याहून वाईट म्हणजे, कॉन्फिगरला 'एनेबल-डिपेंड' दिलं नसेल तर मेक हेडरमधले (अनेक सी फाइलींच्या सामायिक व्याख्यांच्या फाइलमधले) बदल बघतच नाही. हेडरमधल्या एखाद्या स्ट्रक्टच्या मधोमध एक फील्ड घाला आणि नुसतं मेक चालवा: ज्या सी फाइलींना हात लागला नाही त्यांच्या ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या फाइली) जुन्याच ऑफसेटवर, म्हणजे फील्डच्या जुन्या जागांवर, राहतात आणि सर्व्हर भलत्याच ठिकाणी कोसळतो. मेसन ज्याच्याकडून प्रत्यक्ष बिल्ड करून घेतं ते निंजा हेडरचा हिशोब आपणहून ठेवतं.

मेकनिष्ठ
हेडरचं मान्य, पण तो एका फ्लॅगचा प्रश्न आहे. मेसनची खोड जास्त घातक आहे. रीडलाइन (टाइप केलेल्या ओळी आठवणारी लायब्ररी) किंवा आयसीयू (भाषेनुसार वर्णक्रम लावणारी लायब्ररी) सापडलं नाही तर कॉन्फिगर तिथेच एरर देऊन थांबतं. मेसनमध्ये दोन्ही 'ऑटो' (सापडलं तर घे, नाहीतर सोड) असल्यामुळे बिल्ड हिरवा होतो आणि फीचर गुपचूप गळतं. मग पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन प्रोग्रॅममध्ये) वरचा बाण दाबून आधीची क्वेरी येत नाही. मराठी वर्णक्रमासाठी 'एमआर-एक्स-आयसीयू' कोलेशन (वर्णक्रमाचा नियम) वापरणाऱ्याचा डंप (डेटाबेसची काढून ठेवलेली प्रत) तर त्या सर्व्हरवर चढणारच नाही. आणि पीजीएक्सएसवर (एक्स्टेन्शन बिल्ड करायच्या पोस्टग्रेसच्या मेक-आधारित व्यवस्थेवर) उभ्या असलेल्या एक्स्टेन्शनचं काय? त्या सगळ्या मेकफाइलच वापरतात.

निंजावाला
एक्स्टेन्शन अडत नाहीत. मेसनचा बिल्डसुद्धा 'मेकफाइल.ग्लोबल' तयार करून इन्स्टॉल करतो, पीजीएक्सएस त्यावर चालतं. 'ऑटो'ला उपाय म्हणजे सेटअप करताना 'ऑटो_फीचर्स' डिसेबल्ड ठेवा आणि हवं ते एकेक एनेबल्ड करा, मग नसलेली लायब्ररी लगेच अडवते. शिवाय सेटअपच्या शेवटी कोणती लायब्ररी सापडली, कोणती नाही, हे छापून येतंच.

मेकनिष्ठ
सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेच्या) हजार ओळींत ती यादी कोण वाचतं? २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवा, म्हणजे एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमध्ये दडवलेलं मागचं दार. मुख्य मागचं दार ऑटोटूल्सच्या (ऑटोकॉन्फ त्यातलंच) एम४ फाइलमधून उघडलं होतं, हे कबूल. पण सीमेक या दुसऱ्या बिल्ड टूलच्या फाइलमध्ये लँडलॉकच्या (प्रोग्रॅमला मर्यादेत ठेवणाऱ्या लिनक्सच्या सँडबॉक्स सोयीच्या) चाचणी-प्रोग्रॅममध्ये एक सुटा पूर्णविराम घातलेला होता. तो प्रोग्रॅम कधी कंपाइलच व्हायचा नाही, म्हणून 'लँडलॉक नाही' असं ठरून सँडबॉक्स बंद. टूल नवं असो की जुनं, चाचणी फसली की गप्प पुढे जाणं हीच खरी भीती आहे. मेसनमध्ये आयसीयूचा डीफॉल्ट 'एनेबल्ड' करा, मग मेक काढण्यावर बोलू.

पॅकेजकर
डीफॉल्टबाबत मी मेकनिष्ठांच्या बाजूने. तोवर दोन्ही चालवणाऱ्यांनी सोर्स डिरेक्टरीत थेट कॉन्फिगर करू नये, मेसन तिथे 'नॉन-क्लीन सोर्स' म्हणून अडतं. आधीच केलं असेल तर मेक डिस्टक्लीन, आणि मग दोन्ही बिल्ड बाहेरच्या वेगवेगळ्या डिरेक्टरींत.